भावाने माझी लिपी फोडली!

प्रश्न : मी आठवीत आहे. स्वतःची लिपी बनवून डायरी लिहिते, तरी मोठ्या भावाने ती वाचली. लिपी, सांकेतिक लेखन आणि टोळीची बोली यांत सर्वांत गुप्त काय?

उत्तर : भाऊ हुशार आहे, पण जादूगार नाही. तू फक्त अक्षरांचे कपडे बदललेस, भाषा मराठीच ठेवलीस. नवव्या शतकात अल-किंदी या अरब विद्वानाने अशा लेखनाची नस ओळखली होती : कोणते चिन्ह किती वेळा येते ते मोजायचे. मराठीत काना सतत येतो. वाक्याच्या शेवटी तोच आखूड शब्द वारंवार दिसला की तो ‘आहे’ असणार. मग उरलेले धागे आपोआप सुटतात.

लिपी मुळात लपवण्यासाठी नसतेच. अमेरिकेतल्या चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या सिक्वोया यांनी १८२१च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी ८५-८६ चिन्हे घडवली, ती आपल्या लोकांना लिहिता-वाचता यावे म्हणून. बोलीचे निराळेच. फ्रेंच तरुण ‘व्हर्लान’ या बोलीत शब्दांतली अक्षरे उलटसुलट करतात, त्यात गुप्ततेपेक्षा ‘आपण एका गटाचे’ हे मिरवणे जास्त, असे मला वाटते. अशी बोली बाहेरच्यांना कळली की शब्द बदलायचे.

तुला खरी गुप्तता हवी तर संकेतलेखनच, म्हणजे मुद्दाम लपवण्यासाठी केलेले लेखन. शब्दांमधली जागा काढून टाक. कान्याला पाच-सहा वेगवेगळी चिन्हे दे आणि ती आलटूनपालटून वापर. ‘आहे’ शक्य तिथे गाळ. आणि हो, चिन्हांचा तक्ता डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवू नकोस. बरेच जण तेच करतात.