टूलचं वर्णन लिहिताना

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर: एजंटला, म्हणजे टूल्स वापरून कामं करणाऱ्या एआय मॉडेलला, टूल म्हणून दिलेल्या तुझ्या फंक्शनचा कोड दिसत नाही. त्याच्या हाती पडतं ते नाव, वर्णन आणि पॅरामीटर्सचा स्कीमा, म्हणजे टूलला कोणती माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा. म्हणून ‘ऑर्डर शोधतं’ एवढ्यावर भागत नाही. असं लिही: ‘ऑर्डर क्रमांकावरून त्या ऑर्डरची सद्यस्थिती देतं. क्रमांक नसेल तर आधी ग्राहकाच्या ऑर्डरची यादी देणारं टूल वापर. ऑर्डर रद्द करत नाही.’ हे शेवटचं वाक्य सहज राहून जातं, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचं. तारखेचा साचा उदाहरणासकट दे. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? याच घोळात माझ्या एजंटने एप्रिलची अपॉइंटमेंट मार्चमध्ये टाकली होती. एररमध्येही नुसतं ‘चूक झाली’ नको. ‘तारीख २०२५-०४-०३ अशी द्या’ असं लिही, म्हणजे एजंट स्वतःच दुरुस्त करून पुन्हा प्रयत्न करतो.