गणपतीत चार वर्षांच्या मुलीसोबत कोणता खाऊ करता येईल?

उकडीच्या मोदकांच्या नादी लागू नका. गरम उकड एवढ्याशा हातांना झेपत नाही. खजुराचे मोदक करा, मुलीला गॅसजवळ यावंच लागत नाही. बिया काढलेला मऊ खजूर 1 वाटी, भाजलेलं सुकं खोबरं अर्धी वाटी, चमचाभर तूप. मिक्सरमधून फिरवलं की गोळा तयार. साच्याला बोटाने तूप लावायचं काम लेकीचं. (आमच्याकडे निम्मं तूप कोपरापर्यंत गेलं होतं.) साचा ठाण्यात जांभळी नाक्याला मिळेल, प्लॅस्टिकचा, मधोमध उघडणारा घ्या.

उरलेल्या गोळ्याचा उंदीरमामा: बदामाच्या पातळ कापांचे कान, काळ्या तिळांचे डोळे, केशराच्या काडीची शेपटी. आमचा उंदीर नैवेद्याआधीच अर्धा झाला होता. तसाच ठेवला बाप्पापुढे.