दार्जिलिंग उकळला आणि कडू झाला!

प्रश्न: ताई, भावाने दार्जिलिंगहून फर्स्ट फ्लश, म्हणजे पहिल्या खुडणीच्या चहाचं पाकीट आणलं, मी नेहमीसारखा आलं-साखर घालून खळखळून उकळला, दूध ओतलं तर नुसतं कडूशार पाणी, हा चहा खराब आहे की माझंच चुकलं?

उत्तर: अगं चहा चांगलाच असणार, आपला हात अमृततुल्यचा ना! आपली रोजची पावडर सीटीसी, म्हणजे यंत्रात चिरडून केलेले दाणे, ते दुधात उकळायलाच असतात. ही अख्खी पानं, मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुडणीची, एकदम नाजूक. पाणी उकळलं की गॅस बंद कर, दोनेक मिनिटं थांब, मग कपाला सपाट चमचाभर पानं टाकून झाकण ठेव आणि 3 मिनिटांनी गाळ, जास्त ठेवलंस की पुन्हा कडू. रंग फिकट पिवळाच येतो, घाबरू नकोस, वास फुलांसारखा असतो. दूध नकोच, साखरही पहिल्यांदा राहू दे. पुढच्या वेळी सेकंड फ्लश मागव, मे-जूनचा, त्याला द्राक्षासारखी चव असते, आणि गंमत म्हणजे ती येते पानांना तुडतुडे नावाचे बारीक किडे चावल्यामुळे! दूध हवंच असेल तर आसामचा पानांचा चहा घे, तो दुधातही कडक लागतो. उरलेलं पाकीट मसाल्याच्या डब्याजवळ मात्र ठेवू नकोस, माझ्या एका पाकिटाला हिंगाचा वास लागला होता.