नाजूक पोटाच्या कुत्र्याचे खाणे आणि आमच्या नजरेतून सुटलेली एक डबी

तुमच्या प्रश्नात लिहिले आहे की नाशिकच्या इंदिरानगरमध्ये तुमच्याकडे तीन वर्षांचा लॅब्रेडॉर आहे, त्याला चार महिन्यांपासून दर आठ-दहा दिवसांनी पातळ शी होते, तिच्यात आव असते, भूक मात्र चांगली आहे, आणि पाच निरनिराळी ड्राय फूड वापरून झाल्यावर आता सहावे कोणते घ्यावे हे तुम्हाला कळत नाही. हे वाचताना मला आमच्या जिन्याखालचा कोपरा डोळ्यांसमोर आला. कपड्यांच्या चिमट्यांनी तोंड बंद केलेल्या पाच अर्ध्यामुर्ध्या पिशव्या तिथे उभ्या असत, आणि आमची भुरी, म्हणजे गंगापूर रोडवरून उचलून आणलेली देशी कुत्री, प्रत्येक नव्या खाण्यावर चार दिवस ठीक राहून पाचव्या दिवशी मध्यरात्री दार खरवडायला लागे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो आहे. मी पशुवैद्य नाही. जे लिहितो आहे ते एका कुत्रीवरून आणि तिच्यासाठी केलेल्या वाचनावरून आहे, तेव्हा औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

सहावे फूड आत्ता घेऊ नका, हे माझे स्पष्ट मत आहे. जुने आणि नवे खाणे सात ते दहा दिवस मिसळत हळूहळू बदलायचे, ताटातले उरलेसुरले द्यायचे नाही, हे तुम्ही पाळत असालच, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. पण त्याच्या शीची तपासणी झाली आहे का, याचा उल्लेख तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटते. वारंवार, थोडी थोडी, कुंथून होणारी आणि आव असलेली शी बहुधा मोठ्या आतड्याची तक्रार असते, तर भरपूर पातळ शी आणि घटणारे वजन लहान आतड्याकडे बोट दाखवते. डॉक्टरांना हा फरक नीट सांगितला तर त्यांचे काम सोपे होते. जिआर्डिया नावाचा परजीवी शीतून रोज बाहेर पडत नाही, त्यामुळे एका नमुन्यात तो दिसला नाही म्हणून तो नाहीच असे म्हणता येत नाही. एक-दोन दिवसांच्या अंतराने घेतलेले तीन नमुने तपासावे लागतात किंवा त्याची अँटिजेन चाचणी, म्हणजे शीत त्या परजीवीची प्रथिने शोधणारी चाचणी, करावी लागते. नेहमीच्या जंताच्या एका गोळीने तो हटत नाही, आणि पोटात तो असेल तर जगातले कोणतेही महागडे फूड तुमच्या कुत्र्याला मानवणार नाही.

आम्ही सुरुवातीला ज्या दवाखान्यात जात होतो त्याचे नाव मी घेणार नाही. सात महिन्यांत आम्ही तिथे नऊ वेळा गेलो, नऊही वेळा मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स मिळाला, आणि एकदाही शी तपासायला सांगितली गेली नाही. दोन दिवसांत शी घट्ट होत असे म्हणून आम्हालाही उपाय सापडल्यासारखे वाटे. या औषधाने आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंची घडी विस्कटते आणि ती पुन्हा बसायला वेळ लागतो, हे अलीकडच्या संशोधनातून पुरेसे स्पष्ट झाले आहे, आणि साध्या जुलाबांना ते सर्रास देऊ नये असा आता पशुवैद्यांचाही कल आहे. प्रत्येक वेळी "खाणे बदलून बघा" एवढेच सांगून पाठवणाऱ्या माणसाने कोणते खाणे, कशासाठी आणि किती दिवस हे सांगायला नको का? तिथे गेलेल्या सात महिन्यांबद्दल मला आजही वाईट वाटते.

मात्र सर्वांत मोठी चूक दवाखान्याची नव्हती, माझी स्वतःची होती.

दुसऱ्या डॉक्टरांनी शी तपासली, रक्त तपासले, ब जीवनसत्त्वातले बी-१२ कमी निघाले त्याची इंजेक्शने सुरू केली, आणि मग आहाराची परीक्षा घ्यायची ठरवली. तिची पद्धत अशी की कुत्र्याला आठ आठवडे एकच खाणे द्यायचे, तेही एकतर त्याने आयुष्यात कधी न खाल्लेल्या प्रथिनाचे, नाहीतर हायड्रोलाइज्ड प्रथिनाचे. हायड्रोलाइज्ड म्हणजे प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला सहसा ओळखत नाही. पोटाच्या तक्रारीत फरक पडायचा असेल तर तो बहुधा दोन ते चार आठवड्यांत दिसतो. खाज किंवा कानाचा त्रास असेल तर पूर्ण आठ आठवडे थांबावे लागते. कुत्र्यांना ज्यांचा त्रास होतो त्यांत गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू हे पदार्थ नेहमी पुढे असतात, आणि आपल्याकडच्या कुत्र्यांच्या पोटात दूध, पोळी आणि कोंबडी लहानपणापासूनच जात असते. रक्त, लाळ किंवा केस तपासून ही ॲलर्जी ओळखून देतो म्हणणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका, त्या भरवशाच्या नाहीत.

आम्ही ती परीक्षा अतिशय कडक पाळली. सासऱ्यांनी सकाळच्या चहाबरोबरचे भुरीचे बिस्किट बंद केले, मुले जेवून उठेपर्यंत तिला बाल्कनीत ठेवले जाई, सोसायटीच्या वॉचमनला हात जोडून सांगितले, आणि कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर लोक भटक्या कुत्र्यांसाठी बिस्किटे टाकतात म्हणून तिकडचे फिरणेही थांबवले. रोज वहीत शीची नोंद होई, 1 म्हणजे खड्यासारखी कडक, 2 म्हणजे घट्ट आणि नीट, आणि 7 म्हणजे पाणी. सहा आठवडे आकडा 5 आणि 6 यांच्यामध्येच फिरत राहिला. डॉक्टरांनी विचारले, "याव्यतिरिक्त काही देता का?" मी ठामपणे नाही म्हणालो. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून आहाराचा संबंध नाही असा निष्कर्ष काढला आणि स्टेरॉइड सुरू केले. पुढचे चार महिने भुरी रात्रीतून चार-चार वेळा पाणी पीत असे, घरात लघवी होऊन जाई, आणि झाली की ती स्वतःच पलंगाखाली जाऊन तोंड भिंतीकडे करून बसे. ते दृश्य मी विसरू शकत नाही.

दिवाळीची आवराआवर चालू असताना आईने औषधांचा डबा काढला आणि मुदत संपलेली औषधे बाजूला करायला घेतली. हाडाचे चित्र असलेली एक पिवळी डबी खिडकीपाशी उजेडात धरून ती भिंगाने वाचत होती, आणि तिने सहज विचारले, "यात कोंबडीची कलेजी आहे, भुरीला चालते का रे?" ती कॅल्शियमच्या गोळ्यांची डबी होती. भुरी लहान असताना एका दुकानदाराने हाडांसाठी म्हणून दिलेली, आणि त्यानंतर सवयीने दर महिन्याला आणलेली. त्या सहा आठवड्यांत आम्ही रोज रात्री तिला त्यातल्या दोन गोळ्या देत होतो. कॅल्शियम मला औषध वाटत नव्हते आणि खाणेही वाटत नव्हते, म्हणून डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर देताना ते माझ्या मनातही आले नाही. आणि पूर्ण वाढ झालेल्या, संतुलित तयार फूड खाणाऱ्या कुत्र्याला वरून कॅल्शियमची गरजच नसते, हे त्याहून जास्त बोचणारे.

त्यामुळे तुम्हाला माझी कळकळीची विनंती आहे की परीक्षा सुरू करण्याआधी कुत्र्याच्या तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू जेवणाच्या टेबलावर मांडा आणि तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. जंतांवरच्या चवदार गोळ्या, लिव्हर टॉनिकची बाटली, कुत्र्यांची टूथपेस्ट, चघळायच्या काड्या आणि कातड्याची हाडे, गोळी लपवायला वापरलेले पनीर, हे सगळे त्यात येते. गोचिडांसाठी दर महिन्याला चघळायची चवदार गोळी देत असाल तर ती मनाने बंद करू नका, कारण गोचीड ताप आपल्या भागात भरपूर आहे आणि तो जिवावर बेततो. त्याऐवजी मानेवर टाकायचे औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि यादी तोंडी सांगू नका, लिहून न्या.

आता पिशव्यांविषयी. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत "लॅम्ब अँड राइस" लिहिलेले असले तरी मागच्या यादीत चिकन मील, पोल्ट्री मील (मील म्हणजे वाळवून दळलेली पूड) किंवा चिकन फॅट सापडू शकते. तुमच्या पाच पिशव्यांपैकी किती खरोखर कोंबडीविना होत्या ते आज पाहून घ्या. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, पण ते वजन शिजवण्यापूर्वीचे, पाण्यासकट असते, त्यामुळे पहिल्या क्रमांकावरचे ताजे मांस प्रत्यक्षात वाटते तितके उरत नाही. दुकानात मिळणाऱ्या मोजक्या घटकांच्या फूडमध्येही यादीत नसलेली प्रथिने आढळल्याचे अनेक चाचण्यांतून दिसले आहे, म्हणून परीक्षेपुरते तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे हायड्रोलाइज्ड फूड घ्यावे असे मला वाटते. ते बरेच महाग आहे हे मान्य आहे, पण आमच्या पाच पिशव्या आणि नऊ कोर्स यांचा हिशेब त्याहून जास्त झाला होता.

चरबीकडेही लक्ष द्या, कारण काही कुत्र्यांना प्रथिनापेक्षा चरबीच सोसत नाही. ओल्या फूडच्या पाकिटावरचा आणि ड्राय फूडवरचा आकडा मात्र थेट एकमेकांशी ताडू नका. ओल्यात पाणी 80 टक्के आणि चरबी 5 टक्के असेल, तर कोरड्या 20 भागांतले 5 म्हणजे 25 टक्के चरबी झाली. ड्राय फूडमध्ये पाणी 10 टक्के आणि चरबी 12 टक्के असेल तर ती साधारण 13 टक्केच भरते. पाच टक्के पाहून मी ते पाकीट हलके समजत होतो. लॅब्रेडॉरच्या बाबतीत मोजमापही तपासा. कपाने मोजलेले खाणे सहज जास्त पडते आणि नुसत्या जास्त खाण्यानेही शी पातळ होते, म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. धान्यविरहित फूडच्या मागे लागण्याचे कारण मला दिसत नाही. 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाटाणे, मसूर यांवर आधारलेल्या अशा फूडचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का याची चौकशी सुरू केली होती. ठाम निष्कर्ष निघाला नाही, पण विनाकारण तिकडे जाऊ नये असे माझे मत झाले आहे.

सुटे फूड कधीही घेऊ नका. वीस किलोच्या पोत्यातून काढून झिपच्या पिशवीत भरलेल्या मालावर घटकांची यादी नसते, मुदत नसते, आणि पावसाळ्यात त्याला ओल आणि बुरशी लागायला वेळ लागत नाही. घरीही फूड मूळ पिशवीतच ठेवून ती पिशवी डब्यात ठेवा आणि फोडल्यावर साधारण सहा आठवड्यांत संपेल एवढीच मोठी घ्या.

दहीभात, पेज, उकडलेली कोंबडी असे सल्ले तुम्हाला मिळतीलच. दोन-तीन दिवस पोटाला आराम म्हणून साधा भात आणि उकडलेले मांस ठीक आहे, पण महिनोन्‌महिने त्यावर ठेवलेल्या कुत्र्याला कॅल्शियम आणि इतर खनिजे कमी पडतात. घरचेच द्यायचे असेल तर पशुवैद्यकीय आहारतज्ज्ञाकडून पाककृती लिहून घ्या. मोठ्या आतड्याच्या तक्रारीत तंतूंचा खरोखर उपयोग होतो. उकडून कुस्करलेला लाल भोपळा, म्हणजे आपले डांगर, किंवा भिजवलेला इसबगोल भुरीला लागू पडला, मात्र किती द्यायचा हे वजन पाहून डॉक्टरांनीच सांगितले होते. आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्यांनी आणखी एक जपावे. द्राक्षांच्या हंगामात ओळखीच्या शेतकऱ्याकडून आलेली पेटी जमिनीवर ठेवू नका, आणि शिऱ्यातले बेदाणेही त्याच्यापर्यंत पोहोचू देऊ नका, कारण द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की रश्श्यातले, त्याच्या तांबड्या पेशी नष्ट करतात. पातळ शीबरोबर उलट्या सुरू झाल्या, शी डांबरासारखी काळी झाली, भरपूर रक्त पडले किंवा त्याने खाणे सोडले, तर हे सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ती पिवळी डबी बाहेर गेल्यावर डॉक्टरांनी स्टेरॉइड टप्प्याटप्प्याने कमी करून बंद केले, आणि आम्ही परीक्षा पहिल्यापासून सुरू केली. एकोणिसाव्या दिवशी वहीत पहिल्यांदा 2 लिहिला. आठ आठवडे पूर्ण झाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून मुद्दाम जुने कोंबडीचे फूड पुन्हा दिले, कारण त्याशिवाय खरे कारण पक्के होत नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तिने पुन्हा दार खरवडले. गहू आणि दूधही असेच एकेक करून देऊन पाहिले. गव्हाने तिला काही झाले नाही, दुधाने झाले. आता ती कोंबडी नसलेल्या माशाच्या फूडवर आहे आणि वही बंद झाली आहे.

तुम्ही सध्याच्या फूडच्या मागच्या बाजूचा आणि टेबलावर मांडलेल्या सगळ्या डब्या-बाटल्यांचा फोटो टाका, मी यादी वाचून कोंबडी आणि दूध कुठे कुठे आहे ते कळवतो. शीचा पहिला नमुना सकाळचा, ताजा, स्वच्छ झाकणाच्या डबीत घ्या, त्यावर तारीख लिहा, आणि लगेच नेता आला नाही तर थंड जागी ठेवून काही तासांतच प्रयोगशाळेत पोहोचवा.