निवृत्तीनंतरचं घर आणि तिथली वाईटातली वाईट रात्र

निवृत्तीनंतर हवा बघून राहायची जागा बदलावी का, या विषयावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बऱ्याच जणांचे प्रश्न एकसारखेच आहेत, म्हणून त्यातले सहा निवडलेत आणि जिथं सांगण्यासारखं जास्त आहे तिथं उत्तर लांबलंय.

प्रश्न : मी ६२, मिसेस ५९. अडीच हजार मीटर उंचीवरच्या एका गावात पाच दिवस राहून आलो आणि अक्षरशः प्रेमात पडलो. स्वच्छ ऊन, गार वारा, रात्री मस्त झोप. तिथंच घर घ्यायचं मनात आहे. मला बीपीची गोळी आहे, बाकी काही नाही. घेऊ का?

उत्तर : घाई करू नका. पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही गेलात ते तिथल्या सगळ्यात चांगल्या महिन्यात, कारण फिरायला आपण सगळेच चांगल्याच महिन्यात जातो. घर मात्र बाराही महिन्यांचं असतं. तिथला सगळ्यात वाईट महिना कुठला हे तिथं जन्म काढलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा (घर विकणाऱ्याला विचारू नका) आणि नेमक्या त्याच महिन्यात भाड्यानं खोली घेऊन किमान तीन आठवडे राहा. कपडे किती दिवसांत वाळतात, कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल धरते का, धुकं उतरलं की गाडी निघते का, सकाळी पायऱ्या निसरड्या होतात का, हे पाच दिवसांच्या सहलीत कधीच कळत नाही.

उंचीचा हिशेब सोपा आहे. साधारण दर हजार मीटरला तापमान साडेसहा डिग्रीनं उतरतं. म्हणूनच कोलंबियातलं मेदेयीन विषुववृत्ताच्या इतकं जवळ असूनही जेमतेम दीड हजार मीटर उंचीच्या जोरावर वर्षभर बावीस डिग्रीच्या आसपास राहतं आणि लोक त्याला सदा वसंताचं शहर म्हणतात. पण वर जाताना गारव्याबरोबर हवाही विरळ होते. अडीच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटच राहतो, म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. तब्येत ठणठणीत असेल तर शरीर काही आठवड्यांत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवून जुळवून घेतं. पण फुप्फुसाचा जुना आजार, हार्ट फेल्युअर (हृदय कमजोर पडणं) किंवा झोपेत श्वास अडकायचा त्रास असेल तर रात्रीच जड जातं, कारण झोपेत रक्तातला ऑक्सिजन तसाही थोडा खाली येतो. आणि तुम्ही आज ६२ चे आहात, पण ते घर तुम्ही ८२ व्या वर्षासाठी घेताय. तेव्हाचं हृदय कसं असेल हे आज कोणीच सांगू शकत नाही.

उंचीचीच ओढ असेल तर दीड हजार मीटरच्या आसपास शोधा, गारवा पुरेसा मिळतो आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८४ टक्क्यांच्या घरात राहतो. कुठंही जाण्याआधी डॉक्टरांना 'बीपी ठीक आहे ना' एवढंच न विचारता नेमकी उंची सांगून विचारा. आणि वर ऊन कोवळं वाटलं तरी अतिनील किरण दर हजार मीटरला साधारण दहा टक्के वाढतात, म्हणजे मोतीबिंदू आणि कातडी या दोन्हींची काळजी आलीच, टोपी-गॉगल घरात राहू द्या.

एक गोष्ट राहिलीच, दरी. थंड रात्री जड गार हवा खाली उतरून दरीत साचते, वर उबदार थराचं झाकण बसतं आणि चुलींचा, गाड्यांचा धूर त्याखाली कोंडून राहतो. अशा ठिकाणी गाव एकच असतं, पण उतारावरच्या घरात मोकळा श्वास येतो आणि तळाच्या घरात सकाळी खोकला सुरू होतो. पहाटे सहाला बाहेर पडून धूर कुठं साचलाय ते डोळ्यांनी बघा आणि मग घराची जागा ठरवा.

प्रश्न : आमच्या घरात वादच चालू आहे. मी म्हणते दमट हवा नको, हे म्हणतात चाळीस डिग्रीपेक्षा तेहतीस केव्हाही बरे. कोण बरोबर?

उत्तर : ताई, तुम्ही. आणि हे नीट समजून घ्या, कारण म्हातारपणी जागा निवडताना यापेक्षा महत्त्वाचं मला तरी काही वाटत नाही.

आपलं शरीर थंड होतं ते घाम सुकल्यामुळं. घाम नुसता आला आणि अंगावरून ओघळला तर उपयोग शून्य. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घाला, पारा जिथपर्यंत उतरतो तिथपर्यंतच ती हवा ओल्या अंगाला गार करू शकते. आता चाळीस डिग्री आणि आर्द्रता पंधरा टक्के असेल तर हा ओला पारा जवळपास एकवीसपर्यंत उतरतो. तेहतीस डिग्री आणि आर्द्रता ऐंशी टक्के असेल तर तो तीसलाच अडकतो. म्हणजे तुमच्या साहेबांचे 'बरे' तेहतीस अंगाला जास्त जड. आधी असं मानायचे की माणूस पस्तीसच्या ओल्या पाऱ्यापर्यंत तग धरतो, पण २०२२ साली पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रयोगात धडधाकट तरुणांचीसुद्धा दमट हवेतली मर्यादा एकतीसच्या आसपासच निघाली. म्हाताऱ्यांची त्याहून खाली असणार हे उघड आहे, कारण वयाबरोबर घाम कमी येतो, कातडीकडं जाणारं रक्त कमी होतं आणि तहानेची जाणीवही बोथट होते.

तहानेचं मी घरात बघितलंय. आईची खोली वरच्या मजल्यावर होती. उन्हाच्या एका दुपारी गेले तर ती म्हणाली मला काही होत नाही गं, मस्त आहे. उशाशी पाण्याचा पेला तसाच भरलेला, वर धुळीचा बारीक पापुद्रा आलेला. सकाळी मीच ठेवला होता तो. तिला खरंच तहान लागली नव्हती, ती काही लपवत नव्हती. ओठ मात्र चिकटत होते आणि उठताना तिनं दोनदा पलंगाची कड धरली. त्या दिवसापासून तहान लागली की पाणी हा नियम मी तिच्यासाठी बंद केला आणि घड्याळ लावून पाणी सुरू केलं. (हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर हे त्यांना विचारूनच करा.) लघवी जास्त होणाऱ्या बीपीच्या गोळ्या, काही मानसिक आजारांची औषधं, बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणाऱ्या गोळ्या) यांनी उष्णता सोसायची ताकद आणखी कमी होते, म्हणून औषधांची यादी आणि जागेचं हवामान एकत्र ठेवून डॉक्टरांशी बोला.

आणि दिवसापेक्षा रात्र बघा. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात जी उष्णतेची लाट आली त्यात एरवीपेक्षा सुमारे सत्तर हजार मृत्यू जास्त झाले, बहुतेक वयस्कर माणसं होती, आणि तेव्हा रात्री पारा उतरतच नव्हता, शरीराला सावरायला वेळच मिळाला नाही. २०२१ च्या जूनमध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, जिथला उन्हाळा सौम्य म्हणून लोक राहायला जायचे तिथं, ६१९ माणसं उष्णतेनं गेली. जवळजवळ सगळी घरातच गेली, दोन तृतीयांश सत्तरीची किंवा त्यापुढची, निम्म्याहून जास्त एकटी राहणारी. घरं थंडीसाठी बांधलेली होती, आत आलेली उष्णता बाहेर जायला वाट नव्हती.

पण कोरड्या गरमीचं कौतुक करून थांबू नका हं. हवा कातडीपेक्षा गरम झाली की नुसता पंखा भट्टीचा वारा घालतो, अंगावर ओला कपडा असेल तरच त्याचा फायदा, आणि चाळीसच्या वर पंखा नकोच असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डोळे कोरडे पडणं, नाकातून रक्त येणं, धूळ, हेही तिथं असतंच. तरी निवड करायचीच असेल तर मी रात्री गार पडणारी कोरडी जागा निवडेन. तिथं सगळ्यात दमट महिन्यात एक रात्र एसीशिवाय काढून बघा, पहाटे तीनला जाग आली आणि उशीचा अभ्रा ओला लागला तर उत्तर मिळालं.

प्रश्न : गुडघ्यांमुळं गरम कोरड्या ठिकाणी जायचा सल्ला सगळे देतात. खरंच फरक पडतो का?

उत्तर : थोडा पडू शकतो, पण त्याच्यासाठी घर विकू नका. मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी अडीच हजारांहून जास्त लोकांकडून मोबाइलवर रोजच्या दुखण्याची नोंद घेऊन २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले, त्यात दमट, वादळी, हवेचा दाब कमी असलेल्या दिवसांत दुखणं थोडं वाढतं असं दिसलं. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीवर अभ्यास झाले त्यात संबंध सापडला नाही. माझा अंदाज असा की कोरड्या उबदार जागी माणूस जास्त चालतो आणि चालण्यानं गुडघा सुधारतो. म्हणून प्रश्न असा विचारा, तिथं वर्षातले किती दिवस मी सकाळी अर्धा तास सपाट रस्त्यावर चालू शकेन?

प्रश्न : वेबसाइटवर एका गावाचं सरासरी तापमान २४ दिसतं. एवढ्यावर विश्वास ठेवायचा का?

उत्तर : नाही. सरासरीत उन्हाळा आणि हिवाळा एकमेकांना खोडून टाकतात, चाळीस आणि आठ यांची सरासरीसुद्धा चोवीसच येते. महिन्यावार सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान बघा, किती रात्री पारा पंचविसच्या खाली येत नाही ते बघा, आणि आर्द्रतेच्या टक्क्यांपेक्षा दवबिंदू बघा, म्हणजे हवा जिथपर्यंत गार झाली की दव पडायला लागतं ते तापमान. सकाळ-दुपारी टक्के बदलत राहतात, दवबिंदू फारसा फसवत नाही. तो सोळाच्या खाली असेल तर हवा छान वाटते, एकवीसच्या वर चिकचिक, चोविसच्या वर जीव नकोसा. नकाशावरचं 'सामान्य' हवामान म्हणजे तीस वर्षांची सरासरी असते, सध्या १९९१ ते २०२० ची धरतात, पण २०२४ अखेरपर्यंतच्या नोंदींत २०१५ ते २०२४ ही दहा वर्षं सगळ्यात उष्ण ठरली, म्हणून अलीकडची दहा वर्षं वेगळी काढून बघा. शिवाय मोजणी बऱ्याचदा विमानतळाच्या मोकळ्या मैदानात होते, शहराच्या मधल्या सिमेंटच्या गल्लीत रात्री त्याहून दोन-तीन डिग्री जास्तच धरा.

प्रश्न : मुलगी खूप उत्तरेकडच्या देशात असते, तिकडंच या म्हणते. थंडीची भीती वाटते.

उत्तर : थंडीपेक्षा अंधाराचा विचार करा. साठ अंश अक्षांशावरच्या, फिनलंडमधल्या हेलसिंकीत डिसेंबरात दिवस सहा तासांचाही नसतो आणि त्यानं काही जणांना खरोखरची उदासी येते, डॉक्टर तिला आजार मानतात. थंडीत रक्तवाहिन्या आक्रसून बीपी वाढतं हे खरं, पण हिवाळ्यातल्या जास्तीच्या मृत्यूंचं प्रमाण फिनलंडपेक्षा पोर्तुगालमध्ये जास्त आढळलंय, कारण फिनलंडची घरं उबदार आणि पोर्तुगालची ऊब न धरणारी. घरात किमान अठरा डिग्री राहावी असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. मुलीच्या घरात तेवढी ऊब असणारच, तेव्हा भीती बाहेरच्या बर्फावर घसरण्याची ठेवा. आधी एक पूर्ण डिसेंबर-जानेवारी राहून या, आणि मन कसं राहतं ते रोज दोन ओळीत लिहून ठेवा.

प्रश्न : मी ६७ वर्षांची, एकटी. समुद्राच्या अगदी काठाला छोटं घर घ्यायचं हे आयुष्यभराचं स्वप्न आहे. सगळे नाही म्हणतात.

उत्तर : मी लगेच नाही म्हणणार नाही. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, त्यामुळं काठावर ना फार ऊन ना फार थंडी, आणि संध्याकाळचा वारा मनाला जे देतो ते कुठल्या तक्त्यात मावत नाही. दमटपणा आणि खाऱ्या हवेनं गंजणारी खिडकी हे सांभाळता येतं. न सांभाळता येणारी गोष्ट एकच, वादळात चढणारं पाणी. सप्टेंबर २०२२ मध्ये इयन चक्रीवादळानं फ्लोरिडाचा जो किनारा झोडपला तिथं निवृत्त लोकांची वस्ती मोठी होती, फोर्ट मायर्स बीचवर पाणी जवळजवळ पंधरा फूट चढलं आणि मेलेल्यांत साठीच्या पुढचेच जास्त होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे झाडांतलं सुंदर गाव वणव्यात गेलं, ८५ माणसं गेली, बहुतेक पासष्टच्या वरची, बाहेर पडायचे रस्ते कमी आणि गाड्यांची रांग. दोन्हीकडं प्रश्न वर्षभराच्या हवेचा नव्हता, होता तो एका दिवसाचा आणि तेवढ्या वेळात निघता येण्याचा.

म्हणून काठापासून थोडं आत, उंचवट्यावर घर शोधा, समुद्र चालत वीस मिनिटांवर असला तरी तो तुमचाच. आणि घेण्याआधी एक करा. त्या घरी भाड्यानं राहताना एका रात्री कोणाची मदत न घेता औषधं, कागदपत्रं, चष्मा पिशवीत भरा, लाइट बंद करून टॉर्चवर जिना उतरा आणि उंच जागेकडं निघा, घड्याळ लावून. पाऊस असला तर आणखी चांगलं. किती मिनिटं लागली आणि कुठं थांबावं लागलं ते मला कळवा, मग पुढचं बोलू.