रोडिओच्या, म्हणजे अमेरिकी गुराख्यांच्या कसबाच्या खेळांच्या, घड्याळावरच्या प्रकारांत (कमीत कमी वेळ घेईल तो जिंकतो) सगळ्यात मोठा विजेता कोण?

आकडेच बघायचे तर उत्तर एका नावात संपतं: टेक्सासचा ट्रेव्हर ब्रझील. 26 जागतिक किताब. त्यातले 14 ऑल-अराउंडचे (एकाहून जास्त प्रकारांतली मिळून कमाई), 8 स्टीअर रोपिंगचे (मोठ्या बैलाला एकट्यानं दोरानं पाडून बांधायचं), 3 टाय-डाउन रोपिंगचे (वासराला फास टाकून पाय बांधायचे) आणि 1 टीम रोपिंगचा (दोघांनी मिळून एका बैलाला फास टाकायचा). बैलावर बसून आठ सेकंद टिकायचं ते नाहीच. सगळी कमाई दोराची आणि घड्याळाची. तरी माझं मत घोडेस्वार शार्मेन जेम्सला. म्हणजे अर्धं तिला आणि अर्धं तिच्या घोड्याला.

मी डॅलसजवळ राहतो. पुण्याहून पाहुणे आले की त्यांना फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्समध्ये रोडिओ बघायला नेणं हे आमच्याकडे ठरलेलं. पहिल्यांदा टाय-डाउन रोपिंग बघताना मीही सगळ्यांसारखं फास टाकणाऱ्याकडेच बघत होतो. वासरू सुटलं, थोडं पुढे गेलं, मग घोडा झेपावला. (समोरची दोरी सुटायच्या आत घोडा निघाला तर 10 सेकंदांचा दंड, म्हणजे खेळ खलास.) फास बसला, गडी उडी टाकून पळत सुटला, दातांत धरलेल्या दोरीनं वासराचे तीन पाय बांधले आणि हात वर केले. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "घोड्याकडे बघ." पाठीवर कुणी नाही, लगाम धरायला कुणी नाही, आणि तो एकेक पाऊल मागे सरत दोर ताणून धरतोय! दोर ढिला पडला असता तर वासरू बांधून झालंच नसतं. मग गडी परत खोगिरावर चढतो, दोर सैल करतो आणि गाठ 6 सेकंद टिकली तरच वेळ धरतात. वासराची फरफट मला आजही बघवत नाही, पण घोड्याचं ते मागे सरणं बघायला मी पुन्हा जाईन.

या लोकांनाही घोड्याची किंमत पक्की ठाऊक आहे. दुसऱ्याचा घोडा वापरला तर जिंकलेल्या पैशांतला साधारण चौथा हिस्सा मालकाला द्यायचा रिवाज आहे. आणि जागतिक किताब वर्षभर जिंकलेल्या डॉलरांवरच ठरतो, त्यामुळे चांगला घोडा म्हणजे थेट किताबाचा प्रश्न.

आता शार्मेन. तिचा प्रकार बॅरल रेसिंग: तीन पिंपांना वळसे घालून सुसाट परत यायचं, पिंप पडलं की 5 सेकंद वाढले. तिचा स्कॅम्पर 1,100 डॉलरना घेतलेला, आणि पाठीवर बसेल त्याला पाडणारा म्हणून बदनाम. त्याच्यावर बसून तिनं 1984 साली पहिला किताब घेतला तेव्हा ती 14 वर्षांची होती. त्यानंतर 1993 पर्यंत दुसऱ्या कुणालाही मिळू दिला नाही, सलग 10! अकरावा 2002 साली, दुसऱ्या घोड्यावर.

1985 च्या डिसेंबरात लास वेगासला राष्ट्रीय अंतिम स्पर्धा होती. सातव्या फेरीत धावतानाच स्कॅम्परचा लगाम निखळला. अशा वेळी बहुतेक जण जीव मुठीत धरून घोडा थांबायची वाट बघतील. स्कॅम्पर मात्र रोजचीच वाट असल्यासारखा पिंपांना वळसे घालत गेला आणि ती फेरी त्यांनीच जिंकली. कुठे वळायचं हे त्या दोघांपैकी नक्की कोण ठरवत होतं, सांगा!

1996 साली प्रोरोडिओ हॉल ऑफ फेममध्ये स्कॅम्परला मान मिळाला. शार्मेनला तिथे जागा मिळायला 2017 उजाडलं. घोडा बाईंच्या 21 वर्षं आधी! स्कॅम्पर खच्ची केलेला असल्यामुळे त्याचा वंश पुढे चालणं शक्यच नव्हतं. म्हणून तिनं त्याचा क्लोन करवून घेतला. तो 2006 साली जन्मला आणि न्यू मेक्सिकोतल्या आपल्या गावावरून तिनं त्याचं नाव ठेवलं क्लेटन.