ऑफिसात सगळ्या तऱ्हेची माणसं आहेत, पण कामात त्याचा उपयोग होत नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अंधेरी एमआयडीसीत दोन-अडीचशे माणसांची कंपनी. गेल्या काही वर्षांत मुद्दाम बायकांची, दिव्यांगांची, वेगवेगळ्या प्रांतांतल्या आणि समाजांतल्या लोकांची भरती झाली. महिला दिन, मराठी भाषा दिन, ईद, ओणम, सगळं साजरं होतं. तरीही बैठकीत तेच चार जण बोलतात आणि निर्णय पूर्वीसारखेच होतात. मग या सगळ्याचा कामाला फायदा कसा करून घ्यायचा?

मी मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या ऑपरेशन्समध्ये आहे. घरी जाऊन रक्त घेणाऱ्या मुलामुलींचं वेळापत्रक, त्यांच्या अडचणी, पेशंटच्या तक्रारी हे माझं रोजचं काम. एचआरचं शिक्षण माझं नाही, पण हा विषय मला फार जवळचा वाटतो, कारण कामातल्या बऱ्याच चुका याच एका जागी अडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

मुंबईत वेगवेगळी माणसं जमवावी लागत नाहीत, लोकल रोज सकाळी ती आणून सोडते. खरा प्रश्न एवढाच असतो की त्यांना जे ठाऊक आहे ते काम ठरण्याआधी कुणी विचारतं का. ठरून गेल्यावर तीच गोष्ट कुणी बोललं तर ती कटकट वाटते.

आमच्याकडे सॅम्पल बुक करायचं ॲप आलं, तेव्हा पत्त्यात फ्लॅट नंबर, मजला आणि बिल्डिंगचं नाव भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकायचाच नाही. बनवणारे सगळे सोसायटीत राहणारे, त्यांना त्यात काही खटकण्यासारखं नव्हतं. आता भांडुपच्या डोंगरावर किंवा गोवंडीत पत्ता कसा असतो? अमुक चाळ कमिटी, शौचालयाच्या मागे, दत्ताच्या देवळापासून दुसरी गल्ली. तिथे मजला कुठला आणि बिल्डिंग कुठली! अशाच वस्तीत राहणारी आमची एक फ्लेबो, म्हणजे सॅम्पल घेणारी मुलगी, हे पहिल्यापासून सांगत होती. पण सांगत होती कॅन्टीनमध्ये, सुपरवायझरला. ॲपच्या बैठकीला तिला बोलवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी तिला त्या टीमसमोर बसवलं. तिने एकच गोष्ट मागितली: ‘जवळची खूण’ असा एक मोकळा रकाना द्या आणि बाकीचे सक्तीचे ठेवू नका. काम अगदी किरकोळ होतं. त्यानंतर ज्या भागांतून ॲपवर कधी नावच यायचं नाही तिथून बुकिंग यायला लागली.

दुसरं उदाहरण रमजानचं. फास्टिंगच्या तपासण्यांसाठी आमची वेळ सकाळी सात ते दहा. मुंब्र्याहून येणाऱ्या एका सहकाऱ्याने लक्षात आणून दिलं की रोजे धरणाऱ्याची सहरी, रोजा सुरू होण्याआधीचं खाणं, पहाटे होते, म्हणजे सकाळी सातला त्याचं पोट उपाशी नसतंच. आठ तास भरतात ते दुपारी. मग त्या महिन्यापुरते दुपारचे स्लॉट उघडले. इतकी वर्षं काम करणाऱ्या डॉक्टरांच्याही वेळापत्रकात ही गोष्ट नव्हती.

पण याच्या पुढची पायरी जपून टाका. ही सूचना कामी आली तशी लगेच कुणीतरी म्हणालं, मग मुंब्रा, कौसा, कुर्ला हा सगळा पट्टा यालाच देऊन टाकू. वरवर शहाणपणाचं वाटतं. रॉबिन ईली आणि डेव्हिड थॉमस यांनी १९९६ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’तल्या एका लेखात कंपन्यांच्या तीन वृत्ती मांडल्या होत्या. पहिली, फक्त अन्याय होऊ नये म्हणून भरती करणारी. दुसरी, त्या त्या समाजाच्या ग्राहकांपर्यंत पोचण्यासाठी त्या त्या समाजाची माणसं ठेवणारी. तिसरी, त्यांच्याकडून शिकून आपलं कामच बदलणारी. दुसऱ्या प्रकारात माणूस आपल्याच लोकांच्या कोपऱ्यात अडकतो. त्याला मुंब्र्याचं काम कळतं असं मानलं जातं, पण बढतीच्या वेळी “त्याला सगळ्या मुंबईचा अनुभव नाही” असं म्हटलं जातं. आणि तो अनुभव आपणच त्याला घेऊ दिलेला नसतो. त्याची सूचना सगळ्या शहराच्या वेळापत्रकात गेली पाहिजे आणि तो मुलगा मुलुंडलाही गेला पाहिजे.

या शहराला हे नवीन नाही. गिरण्यांच्या हजेरीपटावर कोकणी, घाटी, तेलुगू पद्मशाली, मदनपुऱ्यातले मोमीन विणकर, उत्तरेकडचे भय्ये, सगळे होते. एका भोंग्यावर सगळे आत जायचे. पण आत गेल्यावर खाती वेगळी. विणकाम खात्यात पगार चांगला, आणि तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. कारण काय, तर नवी कांडी घातली की धोट्यातला, म्हणजे मागावर इकडून तिकडे फिरणाऱ्या शटलमधला, धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा आणि तो धोटा पुढे दुसऱ्याच्या हातात जायचा. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. गिरणीच्या एकूण आकड्यात सगळे समाज दिसत होते, खातंवार पाहिलं की खरं कळत होतं.

म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला हाच: कंपनीचा एकूण आकडा पाहू नका. तीसेक टक्के बायका आहेत, ठीक. पण त्या सगळ्या ॲडमिन आणि अकाउंट्समध्ये आहेत का? माल कुठला घ्यायचा, दर काय लावायचा, कुणाला कामावर घ्यायचं हे ठरवणाऱ्या टेबलाशी किती? हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीची कंत्राटी माणसं कुठल्या समाजांतली आणि वरच्या मजल्यावर कुठल्या? एका कागदावर खातं आणि हुद्दा असा तक्ता मांडा. अर्ध्या तासात दिसतं की माणसं आलीत, पण कुठे थांबवली गेली आहेत.

भरतीतही असंच खोल पाहावं लागतं. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये एक अभ्यास छापला. नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं-आडनावं वेगळी. दलित आणि मुस्लिम नावाच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. या कंपन्या आधुनिक, खाजगी होत्या. त्यात आपल्याकडे “ओळखीतला कुणी असेल तर सांगा” ही भरतीची सवय आहेच. ओळखीतून ओळखीचाच माणूस येतो. अर्ज चाळताना नाव आणि पत्ता झाकून ठेवणं आणि सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारणं, या दोन गोष्टींना पैसा लागत नाही.

आता बैठकीकडे येते, कारण तुमचं मुख्य दुखणं तेच आहे.

पहिली गोष्ट वेळ. मुंबईत संध्याकाळी साडेसहाला लावलेली बैठक म्हणजे बदलापूर, विरार, पनवेलच्या माणसांना आणि लहान मुलं घरी असलेल्या बहुतेक बायकांना दिलेला नकार आहे. त्या तोंडाने काही बोलत नाहीत, नजर घड्याळाकडे असते, फास्ट लोकल सुटली की पुढचं सगळं गणित कोसळतं. मग “हो, चालेल” म्हणून उठतात. त्या गेल्यावर उरलेले चार जण चहा घेता घेता खरा निर्णय करतात, आणि दुसऱ्या दिवशी मेल येतो. तुमच्याकडे बोलणारे चार जण कोण आहेत ते आठवून पाहा. बहुतेक जवळ राहणारे किंवा गाडीने येणारे असतील. निर्णयाची बैठक अकरा ते चारच्या मध्ये. त्याबाहेर काही ठरलं तर ते ठरलेलं धरायचं नाही, हा नियम करा आणि साहेबांनी तो आधी स्वतः पाळावा.

दुसरी गोष्ट भाषा. आपल्या ऑफिसांत इंग्रजी येतं तो हुशार, हे इतकं मुरलंय की कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्याला मशीन आतून-बाहेरून ठाऊक आहे तो इंग्रजी स्लाइडसमोर गप्प बसतो. आम्ही एक गोष्ट केली: प्रश्न आदल्या दिवशी ग्रुपवर टाकायचा, आणि ज्याला जसं जमेल तसं, मराठीत, हिंदीत, व्हॉइस नोटवर, उत्तर द्यायचं. बैठक त्या उत्तरांपासून सुरू होते. बोलायची सुरुवात हुद्द्याने सगळ्यात लहान असलेल्यापासून, साहेब सगळ्यात शेवटी. साहेब आधी बोलले की बाकीच्यांकडे “बरोबर आहे सर” एवढंच उरतं.

हे सुरू झालं की बैठका गोड राहणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. कॅथरिन फिलिप्स आणि सहकाऱ्यांचा २००९ सालचा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना खुनाचं एक कोडं सोडवायला दिलं. काही गटांत नंतर आपल्यातलाच एक जण आला, काहींत बाहेरचा. बाहेरचा माणूस आलेल्या गटांनी उत्तर जास्त वेळा बरोबर काढलं, पण आपलं काम नीट झालं असं त्यांनाच वाटत नव्हतं. एकसारख्या गटांना मात्र भरपूर आत्मविश्वास होता. मॅनेजरने हे ध्यानात ठेवायला हवं. “टीममध्ये छान जमतं” हा निकष लावलात तर तुम्ही पुन्हा त्या चार जणांकडेच जाल. थोडी खडखड होऊ द्या. फक्त ती कामावरून होते आहे ना, माणसाच्या जातीवरून, भाषेवरून, बाईपणावरून नाही ना, यावर डोळा ठेवा. तिथे मात्र त्याच क्षणी अडवायचं, नंतर केबिनमध्ये बोलावून नव्हे.

दिव्यांगांबद्दल तुम्ही लिहिलंय की भरती केली, पण त्यांना द्यायला काम सापडत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, पूर्वी सातच होते. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनांनाही समान संधी धोरण करावं लागतं आणि त्यात कुठली पदं योग्य आहेत ते लिहावं लागतं. तो कागद बहुतेक ठिकाणी कुठूनतरी उतरवलेला असतो. तो तुमच्याच खात्यांत फिरून, त्या माणसांना विचारून, नव्याने लिहा. आमच्या लॅबमध्ये सॅम्पल नोंदणीच्या टेबलावर एक ऐकू न येणारा सहकारी आहे. शिफ्ट बदलताना आमच्याकडे सगळं तोंडी चालायचं: “ती ट्रे अर्जंट आहे गं”, “तो रिपीट लाव रे”. त्याच्यासाठी हे लेखी झालं, फळ्यावर आणि ग्रुपवर. थोड्याच दिवसांत ऐकू येणारेही त्या फळ्याशिवाय शिफ्ट घेईनात, कारण सेंट्रिफ्यूज मशीनच्या आवाजात निम्मं बोलणं हवेत जायचं हे तेव्हाच सगळ्यांनी कबूल केलं.

सक्तीच्या ट्रेनिंगवर फार भरवसा ठेवू नका. अमेरिकन कंपन्यांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कलेव यांनी दाखवलंय की सक्तीच्या प्रशिक्षणाने वरच्या पदांवरचं चित्र फारसं बदलत नाही, उलट लोक चिडतात. वरिष्ठांनी एकेका माणसाला हाताशी धरून शिकवणं आणि वेगवेगळ्या खात्यांच्या लोकांनी एकत्र बसून हे आकडे तपासणं, याने फरक पडतो. आपल्याकडेही मला तेच खरं वाटतं. हॉटेलातल्या एका दिवसाच्या वर्कशॉपच्या पैशात दोन मुलींना दर आठवड्याला तासभर वेळ देणारा एक सिनिअर तयार होऊ शकतो.

शेवटचं. तुमच्या माणसाचा अपमान बाहेरच्याने केला तर कंपनी काय करते, हे सगळे बघत असतात. आमच्याकडे सॅम्पल घ्यायला कोण येणार त्याचं नाव पेशंटला मेसेजमध्ये जातं. नाव वाचून काही लोक फोन करतात, “दुसरं कुणी पाठवा ना.” बाई पेशंटने ईसीजीसाठी बाई मागितली तर ती रास्त मागणी आहे, आम्ही पाठवतो. पण नाव वाचून धर्म किंवा जात बघणाऱ्याला आमचा कॉल सेंटर एकच उत्तर देतो: “आमच्याकडून हेच येतील, हवं असेल तर बुकिंग रद्द करून पैसे परत करू.” काही बुकिंग रद्द होतात. पूर्वी सुपरवायझर गुपचूप माणूस बदलायचे, आणि ज्याला बदललं त्याला ते कळायचंच. असा माणूस दुसऱ्या दिवशी बैठकीत तोंड उघडून कंपनीच्या भल्याचं काही सांगेल, ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

हा नियम आमच्याकडे मालकांनी स्वतःच्या सहीने लावला, म्हणून टिकला. तुमच्याकडे बैठकीची वेळ, भरतीचे प्रश्न आणि असा एखादा नियम यावर सही करू शकेल असा माणूस कोण आहे, ते पाहा आणि खातंवार तक्ता घेऊन आधी त्याच्याकडे जा. एचआरकडे नंतर गेलात तरी चालेल.